आस सुटेना, चाक निघेना

एक होतं शेपूट. ते होतं आईचं.

आईचं शेपूट थोरलीच्या तोंडात. थोरलीचं शेपूट मधलीच्या तोंडात. मधलीचं शेपूट बंडूच्या तोंडात. बंडूचं शेपूट शेंडूच्या तोंडात.

अशी ही चिचुंद्रीची आगगाडी. आई पुढे, पिल्लं मागे. चिचुंद्रीला दिसतं कमी. म्हणून तिची पिल्लं शेपूट धरून चालतात. नाक लांब, डोळे बारीक, शेपूट घट्ट. तुरु तुरु, तुरु तुरु.

शेंडू सगळ्यात लहान. शेंडेफळ. म्हणून तिचं नाव शेंडू. आई रोज बजावायची, "शेंडू, शेपूट सोडायचं नाही बरं का." शेंडू म्हणायची, "हं." तोंडात शेपूट असल्यावर आणखी काय म्हणणार?

ही मंडळी राहायची तातोबांच्या अंगणात, कडब्याच्या गंजीखाली. तातोबा विकायचे चुरमुरे. त्यांची एक जुनी फटफटी होती. फटफटीला दोन पोती. एक इकडे, एक तिकडे. पोत्यांत गच्च चुरमुरे. तातोबा सकाळी जायचे, फट् फट् फट्. संध्याकाळी यायचे, फट् फट् फट्.

एका सकाळी आगगाडी निघाली फटफटीजवळून. शेंडूच्या नाकाला वास आला. खमंग वास. खरपूस वास. शेंडूने तोंड उघडलं. एवढंसंच उघडलं.

तोंड उघडलं आणि शेपूट सुटलं.

आगगाडी गेली पुढे. तुरु तुरु. शेंडू गेली पोत्यात. सर सर. एक चुरमुरा खाल्ला, कुरुम. दुसरा खाल्ला, कुरुम. पोट झालं टम्म. डोळे मिटले. आणि तातोबांनी मारली किक.

फट् फट् फट् फट्.

शेंडू जागी झाली. आई नव्हती. गंज नव्हती. अंगण नव्हतं. नुसता रस्ता होता, आणि धूळ. एक गाव आलं, गेलं. दुसरं गाव आलं, गेलं. तातोबा हाका मारत होते, "चुरमुरेऽऽ, ताजे चुरमुरेऽऽ." पोतं रिकामं होत होतं. शेंडू तळाशी बसून होती. आता तिला चुरमुरा नको होता. तोंडात बंडूचं शेपूट नव्हतं. तोंड कसं ओकंबोकं वाटत होतं. तिला आई हवी होती.

पण तातोबा संध्याकाळी घरी जातात. फटफटी घरी गेली की शेंडूही घरी. थोडी कळ काढायची, झालं. शेंडूने कळ काढली. खूप काढली.

आणि दुपारी, बोरखळच्या फाट्यावर,

फुस्स्स्स्.

पुढचं चाक बसलं.

फाट्यावर होतं कासीममिस्त्रींचं गॅरेज. गॅरेज म्हणजे काय, तर एक पत्र्याची शेड, एक पान्यांची पेटी आणि बाहेर एक शेळी. मिस्त्री आले. वाकून चाकाकडे पाहिलं. पेटी पालती घातली, पुन्हा भरली. डोकं खाजवलं.

"तातोबा, ह्यो आस कुनी बसवला?"

"भाच्यानं बसवला. दुसऱ्या गाडीचा हाय."

"तरीच. हेच्या डोक्यात भोक हाय बगा, सहा कोनी. त्या भोकात बसंल असलं काय बी मज्याकडं न्हाई."

"मग वो?"

"मग काय. आस सुटल्याबगर चाक निगत न्हाई. गाडी हितंच ऱ्हाऊ दे. तुमी यष्टीनं जावा घरला. उद्या-परवा बगू. या, च्या घ्या तवर."

दोघं चहाला बसले.

शेंडूने सगळं ऐकलं. तातोबा यष्टीने जाणार. फटफटी इथेच राहणार. आणि शेंडू? तीही इथेच. 

मिस्त्री काय म्हणाले बरं? आस सुटल्याशिवाय चाक निघत नाही.

आस म्हणजे काय ते शेंडूला ठाऊक होतं. आई बाहेरून आली की म्हणायची, "किती आस लागली होती गं तुमची." आस लागते म्हणजे कुणीतरी हवं हवं वाटतं. फार हवं वाटतं. शेंडूला आईची आस लागली होती. आणि मिस्त्री म्हणत होते, आस सुटली पाहिजे.

आता आली का पंचाईत? आईकडे जायचं, तर आईची आस सोडायची.

शेंडूने करून पाहिलं. डोळे घट्ट मिटले. म्हणाली, "मला आई नको."

डोळे उघडले. चाक जागच्या जागी.

पुन्हा मिटले. मोठ्याने म्हणाली, "मला आई नको. थोरली नको. मधली नको. बंडू तर मुळ्ळीच नको."

डोळे उघडले. चाक जागच्या जागी. आणि शेंडूच्या डोळ्यातून, टप्. असं खोटं बोलल्यावर तिला आई आणखीच हवी झाली. बंडूसुद्धा.

मग ती पोत्यातून उतरली. तुरु तुरु, तुरु तुरु. गेली चाकाकडे.

"चाका चाका, निघ ना.
फटफटी चालेना,
आई काही भेटेना."

चाक म्हणालं, "नाही गं बाई. आस सुटल्याशिवाय मी निघायचं नाही."

"सुटत नाही रे माझी आस. करून पाहिलं."

चाक हसलं. खुदु खुदु. "अगं वेडे, तुझी नव्हे. माझ्या पोटात दांडा आहे बघ. इकडून शिरतो, तिकडून निघतो. मी त्याच्याभोवती फिरतं. त्या दांड्याला म्हणतात आस."

"मग आईची आस?"

"ती असू दे की. ती कशाला सोडतेस?"

हे ऐकून शेंडूला इतकं बरं वाटलं! तिने लगेच म्हणून घेतलं, "मला आई हवी. थोरली हवी. मधली हवी. बंडू हवा." आणि निघाली.

तुरु तुरु, तुरु तुरु. गेली आसाकडे.

"आसा आसा, सूट ना.
चाक निघेना,
फटफटी चालेना,
आई काही भेटेना."

आस म्हणाला, "नाही गं बाई. पाना फिरल्याशिवाय मी सुटायचा नाही."

तुरु तुरु, तुरु तुरु. गेली पेटीकडे. पेटीत पानेच पाने. बारके पाने, जाडे पाने, वाकडे पाने. सगळ्यात खाली सगळ्यात मोठा पाना.

"पान्या पान्या, फिर ना.
आस सुटेना,
चाक निघेना,
फटफटी चालेना,
आई काही भेटेना."

पान्याने आ केला. "हे बघ माझं तोंड. मी बाहेरून धरतो. भोकात कसा शिरू? भोकात शिरायला हवा बोल्ट. जाडजूड. सहा कोनी डोक्याचा. त्याचं डोकं भोकात, त्याचा नट माझ्या तोंडात. मग बघ मी कसा फिरतो."

"कुठे असतो असा बोल्ट?"

"होता की इथेच. मिस्त्रींनी शेळी बांधायला जमिनीत ठोकला. ठोकला आणि विसरले. नाही गं बाई, बोल्ट उठल्याशिवाय मी फिरायचा नाही."

तुरु तुरु, तुरु तुरु. गेली बोल्टाकडे. बोल्ट मातीत. वर नुसतं डोकं. डोक्याखाली दोरी. शेंडूने नाकाने डोकं चाचपलं. एक कोन, दोन कोन, तीन कोन, चार कोन, पाच कोन, सहा कोन. हाच तो.

"बोल्टा बोल्टा, ऊठ ना.
पाना फिरेना,
आस सुटेना,
चाक निघेना,
फटफटी चालेना,
आई काही भेटेना."

बोल्ट म्हणाला, "मी ट्रॅक्टरात होतो माहितीय? दिवसभर थरथरायचो. धडाड धडाड. आता काय, मातीत. खुंटा म्हणतात मला." त्याचा आवाज बारीक झाला. "मलाही उठायचंय गं. पण नाही गं बाई. शेळीने ओढल्याशिवाय मी उठायचा नाही."

तुरु तुरु, तुरु तुरु. गेली शेळीकडे. शेळीचं नाव बिजली. नाव बिजली, पण बसली होती ढिम्म. मान वर, डोळे वर.

"शेळीबाई शेळीबाई, ओढ ना.
बोल्ट उठेना,
पाना फिरेना,
आस सुटेना,
चाक निघेना,
फटफटी चालेना,
आई काही भेटेना."

शेळीने कान टवकारले. "पान? कुठंय पान?"

"पान नाही गं. पाना."

"पाना मी खात नाही. पान खाते. ते बघ वर. हादग्याचं पान. लुसलुशीत. सकाळपासून बघतेय. नुसती बघतेय. मान पोचत नाही." शेळीने एक आवंढा गिळला. "नाही गं बाई. पान पडल्याशिवाय मी ओढायची नाही."

तुरु तुरु, तुरु तुरु. गेली हादग्याकडे. हादगा उंच. शेंडू एवढीशी. तिने मान वर केली. आणखी वर केली. मागच्या मागे पडली. उठली.

"हादग्या हादग्या, पान पाड ना.
शेळी ओढेना,
बोल्ट उठेना,
पाना फिरेना,
आस सुटेना,
चाक निघेना,
फटफटी चालेना,
आई काही भेटेना."

हादगा म्हणाला, "माझी पानं ऐकत नाहीत गं. हट्टी आहेत. त्यांना नुसतं खाली पडायचं नाहीये. त्यांना उडायचंय. गिरक्या घ्यायच्यात. नाही गं बाई. वारा उठल्याशिवाय माझं पान पडायचं नाही."

तुरु तुरु, तुरु तुरु. गेली वाऱ्याकडे. वारा होता कुठे? रस्त्याखाली एक मोरी होती. मोरीत गार सावली होती. सावलीत वारा झोपला होता. घुर्रर, घुर्रर.

"वाऱ्या वाऱ्या, ऊठ ना.
पान पडेना,
शेळी ओढेना,
बोल्ट उठेना,
पाना फिरेना,
आस सुटेना,
चाक निघेना,
फटफटी चालेना,
आई काही भेटेना."

वाऱ्याने डोळासुद्धा उघडला नाही. झोपेतच म्हणाला, "नाही गं बाई. कुणी फुंकर घातल्याशिवाय मी उठायचा नाही." आणि कूस बदलली. घुर्रर, घुर्रर.

शेंडूने इकडे पाहिलं. कुणी नाही. तिकडे पाहिलं. कुणी नाही. आता कुणाकडे जाणार? फुंकर घालायला शेंडूच होती. शेंडू तर एवढीशी. तिची फुंकर ती केवढीशी?

तिने गाल फुगवले. "फू."

वारा झोपलेला.

आणखी फुगवले. "फू, फू."

वारा झोपलेला.

आणि रस्त्यावरून आवाज आला. पों, पों. लांबून यष्टी येत होती. मिस्त्रींनी कप खाली ठेवला. तातोबांनी पिशवी उचलली. "चला, येतो," तातोबा म्हणाले.

शेंडू मटकन खाली बसली. आता फटफटी इथेच राहणार. आता संध्याकाळ होणार. आई गंजीखाली जाणार. थोरली आईला बिलगणार. मधली थोरलीला बिलगणार. बंडू मधलीला बिलगणार. आणि बंडूला कोण बिलगणार? तिथे जागा असणार. शेंडूएवढी जागा. आणि तिथे शेंडू नसणार.

शेंडूला आई हवी होती. आत्ता हवी होती. पोटातून हवी होती. तिच्या पोटातून एक उसासा निघाला. नाकापर्यंत आला. आणि तिचं नाक तर केवढं लांब.

"आऽऽऽई गंऽऽऽ."

तो उसासा गेला थेट वाऱ्याच्या कानात.

"अरे, अरे, गुदगुल्या!" वारा दचकला. बसला. डोळे चोळले. "ही फुंकर कुणाची? आतापर्यंत अशी फुंकर कुणी घातली नव्हती."

"माझी," शेंडू म्हणाली. "फुंकर नव्हे ती. मला आई हवी आहे."

"असं होय," वारा म्हणाला. "आधी नाही का सांगायचं?"

आता बघा हं.

वारा उठला. सूंऽऽ सूंऽऽ.

पान पडलं. एक पडलं, दहा पडली, ढीगभर पडली. पडली कसली, उडाली. गिरक्या घेत घेत, भिर भिर, भिर भिर, निघाली शेडकडे.

शेळी उठली. आता मात्र नावाची बिजली. पानं पुढे, शेळी मागे. दोरी ताणली. शेळीने ओढलं. एकदा ओढलं. दोनदा ओढलं. तिसऱ्यांदा सगळा जीव लावून ओढलं.

बोल्ट उठला. टुणकन.

पानं शेडमध्ये, शेळी पानांमागे, बोल्ट शेळीमागे. खळ् खळ् खळ् खळ्. शेळी शिरली थेट मिस्त्रींच्या पायांत. कप कलंडला.

"आरं आरं, बिजले, थांब की." मिस्त्रींनी दोरी धरली. दोरी ओढली. दोरीच्या टोकाला बोल्ट. मिस्त्रींनी बोल्टाचं डोकं पाहिलं. आसाचं भोक पाहिलं. पुन्हा डोकं पाहिलं. 

मग ओरडले, "तातोबा, यष्टी जाऊ द्या. तुमी माघारी या."

यष्टी गेली. पों, पों.

मिस्त्रींनी बोल्ट पुसला. बोल्टाचं डोकं भोकात, टक्. अगदी नेमकं बसलं. बोल्टाच्या पोटावर होता गंजलेला नट. जाम घट्ट. नट पान्याच्या तोंडात.

पाना फिरला. कर्रर.

बोल्ट फिरला. त्याला केवढी मजा वाटली.

आस सुटला. सुळकन.

चाक निघालं. गडगड, गडगड.

चाकाला ठिगळ लावलं. हवा भरली. फुस् फुस्, फुस् फुस्. चाक टम्म झालं. मिस्त्रींनी चाक बसवलं, आस बसवला, पाना फिरवला.

"काय बी म्हना तातोबा," मिस्त्री म्हणाले, "शेळी माझी लई हुशार. मी पेटी पालती घातली. आन् हिला बोल्ट ठावं."

"व्हय की," तातोबा म्हणाले. "शेळी कुनाची म्हनायची."

हुशार शेळी पान खात होती. तिला कशाचा म्हणजे कशाचा पत्ता नव्हता.

मिस्त्रींनी बोल्ट पेटीत ठेवला, मोठ्या पान्याच्या शेजारी. शेळी बांधली शेडच्या खांबाला. खांबापाशी पानांचा ढीग. बिजलीची आता चैन.

आणि शेंडू? तुरु तुरु, तुरु तुरु, तुरु तुरु. धावली. चाकावरून चढली. पोत्याच्या दोरीला लोंबकळली. पोत्यात पडली. तातोबांनी मारली किक.

फट् फट् फट् फट्.

फटफटी चालली. एक गाव आलं, गेलं. दुसरं गाव आलं, गेलं. ऊन पिवळं झालं. मग केशरी झालं. वारा आपला सोबत होता. सूंऽऽ सूंऽऽ. शेंडूने पोत्याबाहेर नाक काढलं. धुळीचा वास. उसाचा वास. चुलीच्या धुराचा वास. अजून आईचा वास नव्हता.

अजून नव्हता.

अजून नव्हता.

आणि मग कडब्याचा वास आला.

फटफटी थांबली. शेंडूने उडी मारली. धप्. धावत गेली गंजीखाली.

गंजीखाली कुणी नव्हतं.

"आई?" शेंडू म्हणाली.

 शेंडूने नाक जमिनीला लावलं. आईचा वास होता. इथे होता. तिथेही होता. पायरीपाशी होता, रांजणापाशी होता, चाकाच्या खुणेपाशी तर फारच होता. आई दिवसभर फिरत होती. सगळ्या अंगणभर शेंडूला शोधत होती.

आईलाही आस लागली होती.

"आई," शेंडू मोठ्याने म्हणाली. "मी आले."

कुंपणापाशी पाला वाजला. चुक् चुक्. चुक् चुक्. आणि एक आगगाडी आली. दमलेली. धुळीने माखलेली. आई पुढे. तिच्या मागे थोरली, मधली, बंडू. आईने शेंडूला हुंगलं. कानाला हुंगलं. पोटाला हुंगलं. पायांना हुंगलं. ती काही रागावली नाही. 

"चुरमुऱ्याचा वास येतोय हिला," बंडू म्हणाला.

शेंडूने बंडूचं शेपूट धरलं. घट्ट धरलं. तोंड भरलं. आता बोलायला जागाच नाही.

आई निघाली. पण आज आई पुढे गेली नाही. ती वळली. वळत वळत मागे आली. शेंडूच्याही मागे आली. आणि आईने शेंडूचं शेपूट आपल्या तोंडात धरलं.

आईचं शेपूट थोरलीच्या तोंडात. थोरलीचं शेपूट मधलीच्या तोंडात. मधलीचं शेपूट बंडूच्या तोंडात. बंडूचं शेपूट शेंडूच्या तोंडात. शेंडूचं शेपूट आईच्या तोंडात.

तुरु तुरु, तुरु तुरु. गंजीभोवती गोल. पुन्हा गोल. पुन्हा गोल. सगळी फिरली, फिरली, खूप फिरली. कुठेच पोचली नाहीत.

कुणाला कुठे जायचंच नव्हतं.